कॅनियन म्हणजे काय, ती तयार कशी होते, आणि मधला दगड गेला कुठे?

प्रश्न असा आला आहे: "नुकताच सांदण दरीला जाऊन आलो. बरोबरच्या एकाने सांगितलं, की ही आशियातली दुसऱ्या क्रमांकाची कॅनियन आहे आणि भूकंपात डोंगर दुभंगल्यामुळे ती तयार झाली. कॅनियन या शब्दाचा नेमका अर्थ काय? साधी दरी आणि कॅनियन यांत फरक काय? आणि भूकंपाचं खरं आहे का?"

भूकंपाचं आधी सांगून टाकते: नाही. सांदण भूकंपाने फाटलेली नाही. दख्खनच्या बसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणावर, काम करत आणि विद्यार्थ्यांना डोंगरात फिरवत मला अठ्ठावीस वर्षं झाली. साम्रद गावातून निघून सांदणच्या तोंडाशी आलो की दर वर्षी कुणीतरी हेच विचारतं. मी उत्तर देत नाही, उलट विचारते: मधला दगड गेला कुठे?

भाकरी हाताने मोडली तर दोन्ही तुकडे परत एकमेकांना बरोबर जुळतात, कारण मधलं काही हरवलेलं नसतं. तीच भाकरी उंदराने कुरतडली तर कडा जुळत नाहीत, मधला भाग गेलेला असतो. सांदणच्या दोन भिंती मनातल्या मनात एकमेकींकडे सरकवून बघा. कुठे फुगवटा समोर येतो, कुठे दोन्हीकडे खोबण येते, जुळत काहीच नाही. शिवाय भिंती गुळगुळीत आहेत. नुसत्या फाटलेल्या दगडाची कड अशी नसते, ती खडबडीत आणि धारदार असते. आणि पायाखाली काय आहे? दगडगोट्यांच्या खाली तोच सलग काळा पाषाण आहे. डोंगर खरोखर दुभंगला असता तर भेग तळापर्यंत गेली असती. इथे तळ आहे, म्हणजे वरून खाली कोरत कोणीतरी तिथपर्यंत पोचलं आहे.

भेगेचा संबंध मात्र आहे, तो नाकारत नाही. लाव्हा थंड होताना आकसतो आणि खडकात उभ्या भेगा पडतात. पुढे जमिनीतल्या ताणांमुळे आणखी लांबच लांब, सरळ भेगा पडतात. पाणी अशीच एखादी भेग धरतं. भेग सुरुवातीला केसाएवढीसुद्धा असू शकते. तिने फक्त वाट दाखवली, रुंदी आणि खोली पाण्याने कमावली. सांदण बरीचशी सरळ रेषेत जाते आणि काही ठिकाणी जेमतेम एक माणूस जाईल इतकी अरुंद होते, ते याच कारणाने.

आता शब्दाकडे येते. या शब्दावर माझं विशेष प्रेम आहे.

कॅनियन हा शब्द स्पॅनिश. 'कान्या' म्हणजे बोरू, वेत, पोकळ देठ. त्यावरून 'कान्योन' म्हणजे मोठी नळी. तोफेच्या नळीलाही तोच शब्द. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला गेलेल्या स्पॅनिश लोकांनी खोल, उभ्या भिंतींच्या दऱ्या पाहिल्या आणि त्यांना नळी म्हटलं. एकोणिसाव्या शतकात तो शब्द इंग्रजीने उचलला आणि तिथून तो आपल्याकडे आला.

आपल्या सह्याद्रीत काय आहे बघा. हरिश्चंद्रगडावर कोकणातून चढणारी नळीची वाट आहे. लिंगाण्याजवळ बोराट्याची नाळ आहे. सिंगापूरची नाळ आहे. संस्कृतात 'नल' किंवा 'नड' म्हणजे बोरूची जात, 'नाल' म्हणजे पोकळ देठ. त्यातूनच आपली नळी, नाळ, बंदुकीची नळी. म्हणजे बोरूपासून नळी, नळीपासून बंदूक आणि नळीपासूनच डोंगरातली घळ, हा सगळा प्रवास स्पॅनिशमध्येही झाला आणि मराठीतही, एकमेकींना न विचारता. घाटातल्या ज्या कुणी पहिल्यांदा 'नाळ' म्हटलं असेल, त्याची नजर स्पॅनिश माणसाइतकीच नेमकी होती. कॅनियनला मराठीत शब्द नाही असं कुणी म्हटलं की मला म्हणून वाईट वाटतं.

बाकीचे शब्दही नीट वेगळे आहेत. दरी हा सर्वांत मोकळा शब्द. ज्या धातूपासून विदारण, विदीर्ण हे शब्द आले त्यातूनच तो आला, म्हणजे मूळ अर्थ फाटलेली, चिरलेली जागा. पण आज कुठलीही खोलगट जागा दरीच असते, मग ती पाच किलोमीटर रुंद आणि शेतांनी भरलेली का असेना. घळ म्हणजे अरुंद आणि खोल, जिथून पाणी येतं ती. समर्थ रामदासांमुळे माहीत असलेल्या शिवथरघळीसारख्या कपारीलाही आपण घळच म्हणतो. खिंड हा वाटेचा शब्द: डोंगराची धार ओलांडून माणूस जातो ती खिंड. तिथे पाणी असलंच पाहिजे असं नाही. भूगोलाच्या पुस्तकांत घळई आणि निदरी असे शब्द येतात. नर्मदेची भेडाघाटची संगमरवरी घळई हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. सांदणच्या नावात मला आपल्या 'सांद', 'सांदी' या शब्दांचा नाद ऐकू येतो, आणि त्या जागेला तो शोभतोही. तेलुगूत 'गंडी' म्हणजे असाच नदीने कापलेला अरुंद मार्ग. आंध्रातलं पेन्नार नदीच्या काठचं गंडीकोटा म्हणजे घळीवरचा किल्ला.

शास्त्रात दरी, घळई आणि कॅनियन यांच्यात मोजपट्टीची रेषा नाही. इतके मीटर झाले की कॅनियन, असा नियम कुठेच नाही. रुंदीच्या मानाने खोली खूप, भिंती उभ्या किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या, आणि तळाशी ते सगळं कोरणारी नदी, असं दिसलं की कॅनियन म्हणतात. त्यातही मोठ्या आणि कोरड्या प्रदेशातल्या घळीला हा शब्द जास्त लावतात.

पाणी दगड कापतं कसं, हे बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. निघोजला जा. पारनेर तालुक्यातलं निघोज आणि पलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, यांच्यामधून कुकडी नदी वाहते. मळगंगा देवीच्या देवळाजवळ तिच्या पात्रात रांजणखळगे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी विद्यार्थ्यांना एखाद्या लहान खळग्याशी बसवते आणि आत हात घालायला सांगते. दंड बुडेपर्यंत हात जातो. भिंत आतून रांजणासारखीच गोल आणि गुळगुळीत लागते. तळाशी बोटांना गोटे लागतात, लिंबाएवढे, अंड्याएवढे, सगळे गोलसर. हे गोटे म्हणजे पाण्याची हत्यारं. पुरात पाण्याचा भोवरा होतो, गोटा आत गरगर फिरतो आणि खळगा खाली खाली घासत जातो. गोटा स्वतःही झिजतो, संपतो. मग पुढच्या पुरात नवा येऊन पडतो. नुसत्या पाण्याने बसाल्टवर फार काही होत नाही. पाण्यात वाळू आणि दगड असले की ते पाणी कानशीसारखं चालतं.

आता त्याच जागी जरा मागे सरकून बघा. दोन खळगे शेजारीशेजारी मोठे होत गेले, मधली भिंत पातळ झाली, तिला आरपार भोक पडलं, मग ती ढासळली. दोनाचा एक झाला. असे एकापुढे एक खळगे जोडले गेले आणि नदीच्या रुंद पात्राच्या आत एक खोल, अरुंद चर तयार झाला. त्या चराच्या भिंती नीट बघितल्यात तर त्या म्हणजे अर्ध्या अर्ध्या रांजणांची रांग आहे. घळ जन्माला कशी येते हे इतकं उघड दाखवणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

पण मग प्रत्येक नदी घळ का कोरत नाही? पुण्यात मुळा-मुठेला हत्यारं कमी पडली का? इथे उताराचा हिशेब येतो. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी घ्या. तिथे उगम पावलेली गोदावरी पूर्वेला जाते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतली वैतरणा पश्चिमेला जाते आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास चालून अरबी समुद्रात उतरते. उंची जवळपास तीच, पण एकीला ती उतरायला दहापट वाट आहे. गोदावरीचा जोर लांबीत वाटला जातो, तर वैतरणेला आणि तिच्यासारख्या कोकणात उतरणाऱ्या नद्यांना घाटाच्या कड्यावरून थेट खाली यायचं असतं. नदी जितकी उंचावरून जितक्या थोड्या अंतरात उतरते, तितकी ती खाली कापते. सांदण याच बाजूची आहे. घाटमाथ्यावर सुरू होते आणि कोकणाच्या दिशेने उतरत जाते.

घाटात कोरण्याची आणखी एक तऱ्हा आहे. आपला डोंगर म्हणजे लाव्ह्याच्या थरांची चळत. टणक बसाल्टचा थर, त्याखाली सच्छिद्र आणि मऊ थर, मध्येच तांबड्या मातीसारखा पट्टा. धबधब्याचं पाणी पायथ्याचा मऊ थर आधी पोखरतं. वरचा टणक थर अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. धबधबा काही फूट मागे सरकतो. हजारो वर्षं असा मागे सरकत जाणारा धबधबा आपल्या पुढे घळ सोडत जातो. प्रवरेवरच्या रंधा धबधब्याखालची खोल घळ बघताना हे डोक्यात ठेवा.

ग्रँड कॅनियनची गोष्टही याच हिशेबाची आहे, फक्त आकडे मोठे. अ‍ॅरिझोनातली ही कॅनियन ४४६ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २९ किलोमीटर रुंद आणि काही ठिकाणी १,८०० मीटरहून खोल आहे. कोलोरॅडो नदीने तिचा बहुतेक भाग गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत कापला, असं आज बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिथलं पठार आधीच उचललं गेलेलं होतं. मग कॅलिफोर्नियाचं आखात उघडलं, समुद्र जवळ आला आणि नदीला त्यात उतरायची वाट मिळाली. उंच पठार आणि जवळचा समुद्र: आपल्या घाटाची परिस्थिती याहून फार वेगळी नाही.

दीड किलोमीटरहून जास्त खोली आणि ५०-६० लाख वर्षं, म्हणजे सरासरी वर्षाला एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं खोदकाम. आपल्या बोटाचं नख तेवढं तीन दिवसांत वाढतं. अर्थात नदी रोज सारखं काम करत नाही. वर्षानुवर्षं ती जवळजवळ काहीच करत नाही, आणि एखाद्या मोठ्या पुरात शेकडो वर्षांचा हिशेब चुकता करते.

पण २९ किलोमीटर रुंदी नदीची नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तळाशी कोलोरॅडोचं पात्र सरासरी ९० मीटरच्या आसपास रुंद आहे. नदीने दिली ती खोली. रुंदी दिली बाजूच्या ओढ्यांनी, भेगांत गोठून दगड फोडणाऱ्या बर्फाने आणि कोसळणाऱ्या दरडींनी. टणक वालुकाश्म आणि चुनखडक उभे कडे धरून राहिले, चिखल थिजून झालेला मऊ शेल खडक उतरता झाला, म्हणून तिथे पायऱ्या दिसतात. आणि प्रदेश कोरडा असल्यामुळे त्या पायऱ्यांच्या कडा शाबूत राहिल्या. आपल्याकडे चार महिने मुसळधार पाऊस, खोलवर कुजणारा खडक, वर माती आणि झाडी. भिंती सैल होतात, ढासळतात, दरी रुंद होत जाते. म्हणून सह्याद्रीत खोल दऱ्या पुष्कळ आणि सांदणसारख्या अरुंद घळी मोजक्या. जिथे खडक टणक आणि सलग आहे, तिथेच त्या टिकतात.

खडकाचं वय आणि घळीचं वय यांतही गल्लत होते. ग्रँड कॅनियनच्या काठावरचा खडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, तळाशी असलेला सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा, घळ मात्र गेल्या ५०-६० लाख वर्षांत कापलेली. तळाच्या त्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट आहे. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने तिथल्या एका शिखराला विष्णू मंदिर असं नाव दिलं. तिथे ब्रह्मा आणि शिव यांच्या नावांचीही शिखरं आहेत. सांदणचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे, म्हणून सांदण ६.६ कोटी वर्षांची आहे असं लिहू नका. घळ तिच्या खडकाहून वयाने नेहमीच लहान असते.

'नेहमी लाखो वर्षंच लागतात का?' असा पुढचा प्रश्न येतोच, तर नाही. २००२ च्या जुलैमध्ये टेक्सासमधल्या कॅनियन लेक नावाच्या जलाशयाच्या सांडव्यावरून पूर वाहिला. सुमारे तीन दिवसांत चुनखडकात दोन किलोमीटरहून लांब आणि सरासरी सात मीटर खोल घळ तयार झाली. दगड घासून नव्हे, तर भेगांनी आधीच सुटे झालेले ठोकळे पाण्याने उपटून नेले म्हणून. बसाल्टमध्ये याहून कितीतरी मोठा प्रकार अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात घडला आहे. तिथलं कोलंबिया पठार आपल्या दख्खनसारखंच लाव्ह्याच्या थरांचं. भूशास्त्रज्ञ हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये मांडलं, की तिथल्या कोरड्या घळी एका प्रचंड पुराने कोरल्या आहेत. त्या काळच्या भूशास्त्रज्ञांनी ते कित्येक वर्षं मानलं नाही. पुढे दिसून आलं, की हिमयुगात बर्फाने अडवलेलं मिसुला नावाचं सरोवर पुन्हा पुन्हा फुटलं होतं आणि ते पाणी बसाल्टचे खांब उपटत गेलं होतं. ब्रेट्झ यांना भूशास्त्रातलं मानाचं पेनरोझ पदक १९७९ मध्ये मिळालं, नव्वदी ओलांडल्यावर. विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण ब्रेट्झ यांनीही जमिनीला हाच प्रश्न विचारला होता, की इथला दगड कुणी नेला.

हिमालयाचा प्रकार आणखी वेगळा. तिथे काही नद्या डोंगराहून जुन्या आहेत. डोंगर हळूहळू उचलला जात होता आणि नदी त्याच वेगाने कापत जागेवर राहिली. करवत एका जागी धरून लाकूड वर ढकलावं, तसं. ही उपमा अमेरिकी भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात एक हात गमावलेल्या या माणसाने १८६९ मध्ये नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन कोलोरॅडोचा प्रवास केला होता. नेपाळमध्ये काली गंडकी धवलगिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजार मीटरहून उंच शिखरांच्या मधून वाहते, आणि तिथे नदीचं पात्र अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. आपल्या देवघरातला शाळीग्राम याच नदीचा. तो हिमालयाच्या जागी एके काळी असलेल्या समुद्रातल्या शंखवर्गी प्राण्याचा अवशेष आहे. नदीने डोंगर कापला, अवशेष असलेले गोटे मोकळे केले आणि खाली आणून दिले. दगड गेला कुठे, याचं एक उत्तर असं देव्हाऱ्यात बसलेलं आहे.

तिबेटमधून अरुणाचलकडे वळणारी त्सांगपो, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवाला वळसा घालते. तिची घळ काही ठिकाणी पाच किलोमीटरहून खोल आहे. हे आशियातच आहे. तेव्हा जेमतेम काही किलोमीटर लांबीच्या सांदणला 'आशियातली दुसरी' म्हणण्याला काही आधार नाही. मला ते ऐकताना खरंच त्रास होतो, कारण सांदण इतकी सुंदर आहे की तिला खोट्या क्रमांकाची गरज नाही.

जमीन खरोखर खचून झालेल्या दऱ्या वेगळ्या असतात. नर्मदा आणि तापी खचदऱ्यांतून वाहतात: दोन्ही बाजूंना भ्रंश, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतो अशी भेग, आणि मधला पट्टा खाली बसलेला. त्या रुंद आणि लांबलचक असतात, नदी तिथे आयत्या खोलगटात येऊन वाहते. चंबळचं बीहड हे गाळाच्या मऊ मातीतलं, त्याला कॅनियन म्हणत नाहीत. मंगळावरची चार हजार किलोमीटर लांबीची प्रसिद्ध व्हॅलेस मरिनेरिससुद्धा मुख्यतः जमीन ताणली जाऊन झालेली आहे. कॅनियन हे नाव तिला दिसण्यावरून चिकटलं.

शेवटी सांदणला जाणाऱ्यांसाठी. या अरुंद घळींत वरच्या बाजूला कुठेतरी पाऊस पडतो, आपल्या डोक्यावर आभाळ निळं असतं, आणि पाणी येतं. अ‍ॅरिझोनाच्या अँटिलोप कॅनियनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला असंच झालं. पाऊस दूर पडला आणि घळीत असलेले अकरा पर्यटक दगावले. आपल्याकडे पावसाळ्यात आत उतरायचं नाही, आणि मेअखेरीस ढग दिसले तरी नाही. एकदा साम्रदचे एक आजोबा आमच्याबरोबर आत आले होते. डोक्यावर तीन-चार हात उंचीवर भिंतीच्या खाचेत वाळलेल्या गवताचा पुंजका आणि काटक्या अडकल्या होत्या. एका मुलीला ते पक्ष्याचं घरटं वाटलं. आजोबा म्हणाले, "घरटं न्हाई ताई, पाणी तिथवर व्हतं." पुढच्या पाण्याच्या डबक्यापाशी एक मोठा धोंडा होता. सहा-सात जण त्यावर बसून डबे खायचो. तीन वर्षांनी गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. उतारावर बऱ्याच खाली मला तो सापडला, एका बाजूने नवीन फुटलेला, आतला काळा रंग ताजा दिसत होता.